प्लगइनआधी ‘साइझेस’ तपासा

साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर रिस्पॉन्सिव्ह (स्क्रीनप्रमाणे योग्य आकाराची फाइल उघडणाऱ्या) फोटोंसाठी प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा जादा प्रोग्रॅम, लागतोच, असं एका लेखात म्हटलंय. ते चूक आहे. वर्डप्रेस 4.4 पासून, म्हणजे डिसेंबर 2015 पासून, फोटोचे लहानमोठे आकार ‘एसआरसीसेट’मध्ये, म्हणजे ब्राउझरने निवडायच्या फाइलींच्या यादीत, आपोआप जातात. गडबड ‘साइझेस’मध्ये, म्हणजे फोटो स्क्रीनवर किती रुंद दिसेल हे ब्राउझरला सांगणाऱ्या सूचनेत, होते: थीमने, म्हणजे साइटच्या मांडणीच्या साच्याने, वेगळं सांगितलं नाही तर मोबाइलवर फोटो अनेकदा पूर्ण रुंदीचा धरला जातो.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या साइटवर तूरडाळीच्या पाकिटांचे फोटो एका रांगेत दोन दिसायचे, पण मोबाइल मात्र पूर्ण रुंदीची फाइल ओढायचा. वावरात रेंजची एकच कांडी, पाकिटाचा फोटो अर्धाच उघडायचा. तीन प्लगइन टाकून पाहिले, साइट आणखी जड झाली. शेवटी थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये फिल्टर (वर्डप्रेसची ठरलेली किंमत बदलणारा छोटा कोड) लावून ‘साइझेस’ निम्म्यावर आणलं आणि फोटो भराभर उघडायला लागले. प्लगइन खरा कामी आला तो थीम बदलल्यावर, जुन्या फोटोंचे नवे आकार पाडायला.