४० डॉलरची माफी

परवाच्या शनिवारची गोष्ट. अजून घशाखाली उतरलेली नाही.

मला जुनी पुस्तकं जमवायचा नाद आहे. तीही इकडच्या, अमेरिका-कॅनडातल्या मूळ रहिवासी बायकांनी लिहिलेली. सासूबाई म्हणतात, "तिथे जाऊनही आदिवासीच का गं?" सेरा विनेमकाचं १८८३चं आत्मचरित्र किंवा सोफिया अ‍ॅलिस कॅलहनची १८९१ची कादंबरी पहिल्या आवृत्तीत घ्यायची तर गाडी विकावी लागेल. सहज मिळतं ते पॉलिन जॉन्सनचं 'फ्लिंट अँड फेदर'. १९१२पासून इतक्यांदा छापलंय की लग्नात भिंतीवरची घड्याळं यायची तसं समोर येतं. माझ्याकडे दोन आहेत. ही मोहॉक कवयित्री कार्यक्रमाच्या पूर्वार्धात हरणाच्या कातड्याचा पोशाख घालायची आणि मध्यंतरानंतर विलायती झगा. तिकीट काढलेल्यांना 'इंडियन' दिसायला नको?

तर सिअ‍ॅटलच्या उत्तरेचं एक जुन्या वस्तूंचं दुकान. फळीवर चिठ्ठी: 'इंडियन'. तिथे झित्काला-शा या मूळ रहिवासी लेखिकेचं 'ओल्ड इंडियन लेजंड्स', १९०१चं, फक्त ४० डॉलर! चित्रं एंजल डी कोराची, म्हणजे चित्रकारही त्यांच्यातलीच. आणि त्याला खेटून, देवाशपथ, आमच्या पंडिता रमाबाई! 'द हाय-कास्ट हिंदू वुमन', १८८७. कोलंबसाचा चुकलेला पत्ता अजून तसाच. मी नको तो शहाणपणा केला. झित्काला-शा तिथेच ठेवून रमाबाईंना गल्ल्यावर नेलं. "या दुसऱ्या इंडियन."

"इंडियन आहेत ना? मग झालं," मालक म्हणाला.

तेवढ्यात जांभळ्या स्वेटरमधल्या एका आजींनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही इंडियन?"

"हो, पण..."

आजींचे डोळे भरले. "आम्ही तुमची जमीन बळकावली. मला फार लाज वाटते."

"आजी, आमची जमीन कऱ्हाडला आहे. ती काकांनी लाटली. तुमचा त्यात काही हात नाही."

"किती मोठं मन!" हुंदका. पणजोबांना सरकारकडून १६० एकर फुकट मिळाले होते म्हणे. अजून आहेत? आहेत ना, आता द्राक्षं लावलीत. पुन्हा हुंदका. मी पाठ थोपटली. काय करणार? अख्ख्या खंडाच्या वतीने, कुणी वकीलपत्र दिलेलं नसताना, मी माफ करून टाकलं. नाक पुसून आजी फळ्यांकडे वळल्या. मी आपली रमाबाईंचं पान उलटत उभी.

मग बघते तर फळीवर खाच. पुस्तक आजींच्या काखेत.

"हे मी घेतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या लोकांना समजून घ्यायचंय."

बोलले नाही. बोलायला हवं होतं. माफीच मागायची तर तुलालिप या मूळ रहिवासी लोकांची वस्ती तिथून अर्ध्या तासावर आहे. पण तिथे जाऊन बोलायचं म्हणजे १६० एकरांचा विषय निघणार. कऱ्हाडची बाई सोयीची. रडून घ्यावं, वर तिच्याकडूनच पाठ थोपटून घ्यावी.

त्या पुस्तकातली पहिलीच गोष्ट बदकांची आहे. इक्तोमी नावाचा लबाड त्यांना गाणी ऐकवायला खोपटात बोलावतो, डोळे मिटून नाचा म्हणतो, आणि एकेकाची मान मुरगाळतो. मला पाठ आहे. तरी मिटलेच.

मालकाने आजींचं पुस्तक कागदात छान बांधून दिलं. मग माझ्याकडे वळला. "तुमच्यासाठी 'फ्लिंट अँड फेदर' आहे. १० डॉलर."

घेतलं. तिसरं.