तुमचा 'ग' तुमचा आहे

आमच्या गाण्याच्या बाईंना पहिल्या रविवारच्या आधी एक छोटेखानी प्रशिक्षण देण्यात आलं होतं. देणारी आमच्यातलीच दोन उत्साही मंडळी. कुणाला तो म्हणायचं, कुणाला ती, कुणाला काय विचारायचं नाही, आणि मुख्य म्हणजे कुणालाही दुखवायचं नाही. बाई शाळेतल्या निवृत्त संगीत शिक्षिका. सांगलीच्या पोरांना अलंकार घोटवताना त्यांनी जन्मभर दुखवण्याखेरीज फारसं काही केलं नव्हतं. त्या इतक्या धास्तावल्या की सगळं वहीत उतरवून घेतलं आणि माणसांबद्दलचे नियम सरसकट स्वरांनाही लावून टाकले.

त्यामुळे सुरुवातीचे रविवार फार सुखात गेले. कुणी 'ग' म्हणून भलतंच काही काढलं की बाई डोळे मिटायच्या, आवंढा गिळायच्या आणि म्हणायच्या, "छान. तुमचा 'ग' तुमचा आहे." की आम्ही टाळ्या वाजवायचो. आम्ही म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेत एका क्लासच्या वरच्या खोलीत जमणारी क्वीअर आणि ट्रान्स, म्हणजे बाई-पुरुषाच्या ठरीव चौकटीत न बसणारी मंडळी. कुणी बँकेत, कुणी पार्लरमध्ये, कुणी शेतीत, आणि एक इंजिनिअर, ज्याला आपण नक्की कोण हे अजून ठरवायचं होतं, पण गाणं मात्र येतं याबद्दल त्याची खात्री होती. घरी, गल्लीत, कचेरीत टोमणे खाऊन आलेली माणसं असल्यामुळे एकमेकांना नावं ठेवायची नाहीत, हा आमचा अलिखित कायदा. त्याचा परिणाम असा की सारेग-रेगम-गमप संपेपर्यंत खोलीत जितकी डोकी तितके षड्ज, म्हणजे 'सा', झालेले असायचे आणि सगळ्यांना शाबासकी मिळालेली असायची. आपली लिंगओळख आपण ठरवायची हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट सांगितलं आहे. गंधार, म्हणजे 'ग', कुणी ठरवायचा, याबद्दल निकालपत्रात काही नाही.

माझी अडचण जरा वेगळी होती. शाळेत असताना मी काळी पाचमध्ये, म्हणजे बायकी गळ्याच्या उंच पट्टीत गात असे आणि स्नेहसंमेलनात बक्षिसं घेत असे. पुढे आपण बाई नसून पुरुष आहोत हे मला उमगलं, डॉक्टरांकडे जाऊन झालं, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली. त्यानं स्वरतंतू जाड होतात, आवाज खाली उतरतो आणि उतरला की परत चढत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा फुटतो तसाच, फक्त त्याचा शाळेत फुटतो आणि माझा तासगावात बेदाण्याच्या गोदामात, हमालांना वजनं सांगताना फुटला. "पंधरा किलो" हे दोन शब्द मी दोन वेगवेगळ्या सप्तकांत म्हणालो. हमालांनी पेटी तशीच धरून माझ्या मागं दुसरं कोण उभं आहे ते पाहिलं.

घरी आईला सगळं माहीत आहे, पण पाहुण्यांना सांगायला सर्दी सोयीची. त्यामुळे घसा बसलाय म्हणून रोज हळद-दूध. हळदीची पेठ असलेल्या जिल्ह्यात घशाला दुसरं औषध कुणाला सुचतही नाही. वर्षभर न जाणारी सर्दी म्हणून मावशीनं मला एकदा मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायची तयारी केली होती.

खरी खबर दिली ती एसटीनं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. माझे केस बारीक, अंगात शर्ट, तेव्हा कंडक्टर बुचकळ्यात पडायचा, पण "एक सांगली" म्हणून मी तोंड उघडलं की निर्धास्तपणे हाफ तिकीट काढून हातात द्यायचा. दुखायचं, पण निम्म्या पैशांत दुखायचं. मग एका रविवारी मी नेहमीसारखं "एक सांगली" म्हणालो आणि त्यानं मान वर न करता फुल तिकीट दिलं. मी ते खिशात जपून ठेवलं. या औषधाचे बाकी सगळे परिणाम डॉक्टरांनी आधी समजावून सांगितले होते, प्रवासखर्च दुप्पट होईल हे तेवढं राहिलं होतं.

आमच्यातल्या पार्लरवालीचं गाऱ्हाणं बरोबर उलटं. इस्ट्रोजेन चेहऱ्याला, अंगाला बदलतं, पण एकदा फुटलेल्या आवाजाला हात लावत नाही. तिथं बाईचा आवाज हवा असेल तर मेहनत करूनच कमवावा लागतो. ती मुलगा म्हणून वाढत असताना काळी एकमध्ये, म्हणजे पुरुषी गळ्याच्या पट्टीत, गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेपर्यंत शिकलेली. म्हणजे मी टाकून आलेली पट्टी ती शोधत होती आणि तिनं टाकलेली मी. चहाच्या सुट्टीत ती म्हणाली, "अदलाबदल करू या का? माझा खर्ज घे. वापरलेला आहे, पण कंडिशन चांगली आहे."

रियाझ करायचा कुठं, हा पुढचा प्रश्न. घरात आई, शेजारी आणि ती सर्दी. शेवटी तासगावकराला सुचावं तेच सुचलं. बेदाण्याचा हंगाम उन्हाळ्याबरोबर संपला की मळ्यातली शेडं ओस पडतात. लोखंडी अँगल, जाळीचे मजले, वर पत्रा, आणि माणूस नाही. मित्राच्या शेडात पहाटे जाऊन मी खर्ज लावायला लागलो. पत्र्याखाली आवाज घुमतो, त्यामुळे आपण फार मोठे गवई आहोत असा समज व्हायला वेळ लागत नाही. माझाही झाला. तो शेजारच्या मळ्यातल्या मामांनी मोडला. बॅटरी आणि काठी घेऊन ते बांधावरून ओरडले, "कोण हाय रं आत? दुखतंय का काय तुला?" मी गातोय म्हणून सांगितलं. मामा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "बरं, गा मग. मला वाटलं दवाखान्यात न्यावं लागतंय."

अशा परिस्थितीत रविवारच्या त्या 'छान छान'ची मला चीड यायला लागली. मला स्वतःला ऐकू येत होतं की मी सा लावतो आणि तो निसटून खाली दुसऱ्याच कुठल्या तरी स्वराच्या पायरीवर जाऊन बसतो. आणि समोर इतकी माणसं कौतुकानं पाहतायत! टोमण्यांना तोंड कसं द्यायचं हे मला चांगलं जमतं, जन्म त्यातच गेला. खोट्या शाबासकीला काय उत्तर द्यायचं असतं ते कुणी शिकवलेलं नाही.

मग अक्का आल्या. अक्का जोगतीण. यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, तिच्या नावानं चौंडकं हे एका तारेचं वाद्य वाजवत गावोगाव गायलेल्या. सौंदत्तीच्या यात्रेच्या गर्दीत माईकशिवाय ऐकू जाणारा गळा. त्या भिंतीला टेकून बसल्या, पान लावलं आणि आमचा भूप राग ऐकू लागल्या. माझी पाळी आली. मी 'सा रे ग' पर्यंत पोचलो आणि बाई डोळे मिटून "छान" म्हणणार, तोच अक्का कडाडल्या, "ए लेका! ह्ये गाणं हाय व्हय? रेडकू हंबरल्यागत काय करायलाईस? नाकातनं न्हाई, पोटातनं काढ!"

खोली गार. प्रशिक्षण देणाऱ्या दोघांचे चेहरे पांढरे पडले. एकानं घाईघाईनं, "अक्का, आपण इथं असं बोलत नाही," अशी सुरुवात केली. मी मात्र मनातल्या मनात नाचत होतो. ए लेका! आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला निखळ पुल्लिंगात झापलं होतं. आणि झापलं होतं तेही अगदी बरोबर, आवाज नाकातच अडकत होता. मी पोटातून काढला. अक्कांनी चौंडक्याची तार हातानं सैल करून माझ्या आवाजाइतकी खाली आणली, दोन टोले दिले आणि म्हणाल्या, "हां. आता निदान जनावर न्हाई वाटत."

त्यापेक्षा मोठा चमत्कार बाईंचा झाला. वहीत दडपून ठेवलेली त्यांची सगळी मास्तरकी एकदम उसळून बाहेर आली. "इंजिनिअर, तुमचा पंचम चढा आहे! तुम्ही, खिडकीतले, 'भूपात मध्यम नाही' हे किती वेळा सांगू?" सर्वनाम त्या कधी चुकल्या नाहीत, आणि पुढे स्वर कुणाचा सोडला नाही. पार्लरवाली उंच आवाज काढायचा म्हणून गळा आवळत होती, तिला त्यांनी बसवून सांगितलं, "अगं, गळा दाबून आवाज बाईचा होत नाही, फक्त दाबलेला होतो. आमच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. केवढा बारीक, गोड आवाज त्यांचा! त्यांना कुणी पुरुषासारखं गा म्हणून नाही सांगितलं. हलका लाव, वर आपोआप जाईल." ती रडली. मग गायली. त्यावर अक्का म्हणाल्या, "रडून झालं असंल तर पुन्हा म्हण."

खोलीचा मालकही अधूनमधून जिन्यात उभा राहून ऐकायचा. हा गृहस्थ नाट्यवेडा. आपला जिल्हा बालगंधर्वांचा, १८८८ साली नागठाण्यात जन्मले, १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले, त्यांचं लुगडं बघून घरोघरच्या बायका लुगडं नेसायला शिकल्या, हे तो आम्हाला छाती फुगवून सांगायचा. आणि त्याच दमात पार्लरवालीकडे बोट करून हळूच विचारायचा, "ते साडी नेसून का येतात?" अक्कांनी एकदा त्याला सांगितलं, "तिकीट काढ, मग सांगते."

राहिली पट्टी. इतके निरनिराळे गळे एका पट्टीत कसे बसवायचे यावर बाईंनी बराच विचार करून पांढरी चार ठरवली. बायकी गळ्यांना ती खाली पडते, पुरुषी गळ्यांना वर ताणावं लागतं, आणि माझ्यासारख्याला दोन्ही. सगळ्यांना सारखाच त्रास, त्यामुळे कुणाचीच तक्रार नाही. लोकशाही याहून वेगळी काय असते मला माहीत नाही.

एवढ्यात कुणाच्या तरी माळ्यावरचा जुना तानपुरा आमच्या नशिबात आला. तारा गंजलेल्या, जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, गेलेली. तो दुरुस्त करून आणायची कामगिरी माझ्यावर. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. एके काळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतली ही कला, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे छताला टांगलेले. कारागीर चाचांनी आमचा तानपुरा आडवा घेतला, भोपळ्यावर टकटक केलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "जेंट्स का लेडीज?"

हा प्रश्न मी रेल्वे स्टेशनवर, मॉलमध्ये, दवाखान्यात, बँकेच्या फॉर्मवर ऐकलेला. तिथं उत्तरं तयार असतात. इथं माझी दातखीळ बसली. चाचांनी बोटानं तानपुरा दाखवला. "याचं विचारतोय. जेंट्स पट्टीच्या तारा घालायच्या का लेडीज?"

"चाचा, दोन्हींच्या मधलं काही असतं का?"

"असतं की," त्यांनी सहज सांगितलं. "कोणती पट्टी?"

"पांढरी चार."

"मग अवघड काय त्यात? भोपळा मोठा आहे, तारा जरा बारीक घालतो. गाणार कोण? तुम्ही? सा लावा बघू."

मी पोटातून सा लावला. बाजूच्या दुकानातला पोरगा डोकावून गेला. चाचांनी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग पावतीपुस्तक ओढलं.

"शुक्रवारनंतर या. जवारी नीट काढून देतो. बोलली नाही तर परत आणा, पैसे घेणार नाही." पावती फाडून माझ्या हातात देताना ते म्हणाले, "गॅरंटी तानपुऱ्याच्या सा ची आहे हां. तुमच्या नाही."