वर्गाच्या पानावर गृहपाठ टाका, मुलांची माहिती नको

माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. परवा तिने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, रविवारी आलास की एवढं बसवून दे.’ ‘दहा मिनिटांत आपल्या वर्गाचं स्वतःचं होमपेज’ असं त्याचं शीर्षक, आणि शेवटी ‘प्रत्येक शिक्षक ग्रुपवर पाठवा’. तो वाचून माझं डोकं फिरलं, कारण लोक तो खरोखर पाठवतायत आणि त्याप्रमाणे करतायतही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. गूगल साइट्सवर वर्गाचं पान फुकट तयार होतं. प्रत्येक मुलाचं जीमेल खातं काढा, वय आडवं आलं तर जन्मसाल २००० टाका. पानावर मुलांची नावं, फोटो, वाढदिवस आणि पालकांचे मोबाइल नंबर द्या. लिंक आपल्यातच राहते, म्हणून ते सुरक्षित आहे. शाळेचं काम असल्याने परवानगी लागत नाही. शिवाय ज्या खात्यातून पान बनवलं त्याचा एकच पासवर्ड सगळ्या वर्गाला द्या, मुलं पान स्वतः सजवतील.

आधी जन्मसालाचं बघू. गूगल आपल्याकडे १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं साधं खातं काढू देत नाही. पालकांच्या देखरेखीखालचं खातं निघतं, किंवा शाळेने रीतसर नोंदणी केली असेल तर शाळेकडून मिळतं. दहा वर्षांच्या मुलाचं जन्मसाल २००० टाकलं की गूगलच्या लेखी तो पंचविशी गाठलेला माणूस होतो. मग १८ खालच्यांसाठी जे आपोआप चालू असतं ते सगळं जातं. शोधताना अश्लील चित्रं गाळणारी सोय आपोआप चालू राहत नाही, यूट्यूबवरचे प्रौढांसाठीचे व्हिडिओ उघडतात, आणि त्याच्या आवडीनिवडी हेरून जाहिराती दाखवायला गूगल मोकळं होतं. हे खातं बापाच्या फोनवर कायम उघडं राहणार आणि मूल संध्याकाळी तोच फोन हातात घेणार. वर्गाच्या पानासाठी आपण त्या मुलाभोवतीचं कुंपण काढून टाकतोय, आणि खोटी तारीख शिक्षकांनीच भरायची! बरं, हे सगळं कशासाठी? खुलं ठेवलेलं पान बघायला कसलंच खातं लागत नाही. लिंक दाबली की पान उघडतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे: ‘लिंक आपल्यातच राहते.’ राहत नाही. एक पालक ती भावाला पाठवतो, भाऊ गावच्या ग्रुपवर टाकतो. पान सार्वजनिक म्हणून प्रकाशित केलं असेल तर लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला सगळं दिसतं. शोधयंत्रांनी पान दाखवू नये, अशी एक खूण गूगल साइट्समध्ये करता येते, पण ती नुसती विनंती आहे, ते कुलूप नाही. आता पानावर काय आहे ते बघा. मुलीचा फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा, इयत्ता, वडिलांचा नंबर. उद्या कुणी अनोळखी माणूस फाटकाशी येऊन तिला नावाने हाक मारून म्हणाला, ‘बाबांनी पाठवलंय, हा बघ त्यांचा नंबर,’ तर ती पोरगी काय करील? हा विचार मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात आला नाही, याचा मला संताप आहे.

आणि परवानगी लागत नाही म्हणे! डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक धरलंय, आणि कलम ९ म्हणतं की बालकाची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होतोय. मुलांबाबतच्या या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. एवढा दंड गावच्या शाळेला बसेल असं मी म्हणत नाही. पण ‘शाळेचं काम’ हे दोन शब्द उच्चारले की पालकांना विचारायलाच नको, असा कायदा कुठेही नाही.

एकच पासवर्ड वर्गभर देण्याबद्दल फार लिहीत नाही. त्या खात्याचं जीमेल, ड्राइव्ह, फोटो, सगळं त्याच पासवर्डने उघडतं. कुणीही तो बदलला की बाईच बाहेर.

मेसेजमधलं एक मान्य करावं लागेल. पान खरंच फुकट होतं आणि सोपं आहे, दहा मिनिटांत नाही तरी तासाभरात होतं. त्याची गरजही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी टाकलेला गृहपाठ दुपारपर्यंत शुभेच्छांच्या ढिगाखाली जातो आणि रात्री आया एकमेकींना विचारत बसतात.

म्हणून बहिणीला मी पान करून देणार आहे, पण फळ्यावर जे लिहितो तेवढंच त्यावर येईल, हजेरीपटातलं काही नाही. आठवड्याचा गृहपाठ, चाचणीचं वेळापत्रक, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरच्या धड्यांच्या लिंक. चित्रं मुलांच्या वह्यांची चालतील, नाव झाकून. संपादनाचा हक्क फक्त तिच्याकडे.

ज्यांनी मेसेजप्रमाणे आधीच केलंय त्यांनी आज एवढं करा. पानावरून फोटो, तारखा आणि नंबर काढा आणि पान पुन्हा प्रकाशित करा, नाहीतर लोकांना जुनंच दिसत राहील. पासवर्ड बदला, अनोळखी फोनवरून खातं बाहेर काढा. मुलांची खोट्या वयाची खाती पालकांना समोर बसवून बंद करा. आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकला होता, तिथेच लिहा की तो चुकीचा आहे.