कथेची वर्गणी कशी घ्यावी?

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी वाद झाला तो आमच्यातल्याच एका कथाकाराच्या निर्णयावरून. तो दर पंधरवड्याला एक कथा वाचकांना ई-मेलने पाठवतो. आजवर ती फुकट मिळत असे, आता त्याला वर्गणी सुरू करायची आहे. त्याचे वाचक खानापूर-निपाणीपासून पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या बेळगावकरांपर्यंत पसरलेले आहेत.

निवृत्त मास्तरांचा सक्त विरोध होता. "तुझी कथा नव्या माणसापर्यंत पोचते ती कुणीतरी पुढे धाडते म्हणून," ते म्हणाले. "बातमी शिळी होते, म्हणून माणूस तिच्यासाठी आजच पैसे मोजतो. कथा वर्षाने वाचली तरी तिचे काही बिघडत नाही. मग वाचकाने घाई का करावी?"

बँकेतल्या मित्राने जुना दाखला काढला. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले, त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः आल्या आणि वर्गणीदारांनी त्या पैसे देऊन वाचल्या. मास्तरांचे उत्तर तयार होते: तेव्हा हातात छापील अंक पडत होता. मला हे उत्तर पटत नाही. कागद, छपाई आणि टपाल यांचे पैसे आपण विनातक्रार देतो आणि लिहिणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा मानधन म्हणून अंकाची एक प्रत येते, ही सवय जुनी असली तरी अन्यायाचीच आहे.

खरा पेच पैसे कसे घ्यावेत याचा होता. लेखकाचे लेखन वर्गणीदारांना ई-मेलने पाठवणारी सबस्टॅक ही सेवा वर्गणीतून 10 टक्के घेते. शिवाय पैसे वळते करणारी स्ट्राइप कंपनी अमेरिकेत प्रत्येक व्यवहारामागे 2.9 टक्के आणि वर 30 सेंट घेते, म्हणजे पाच डॉलरच्या मासिक वर्गणीतला जवळजवळ एक डॉलर वाटेतच जातो. त्यातच स्ट्राइप भारतात नवी खाती केवळ निमंत्रणावरून उघडते. तेव्हा आपल्याकडे यूपीआय हाच सरळ मार्ग. पण आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना ग्राहकाला किमान 24 तास आधी द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मित्राने स्वतःच्या मोबाइलवरचा तसा संदेश दाखवला: रक्कम, तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि खाली रद्द करण्याची सोय. नियम योग्यच आहे, पण पन्नास रुपयांसाठी दर महिन्याला असा संदेश आला, की वाचक दर महिन्याला नव्याने विचार करणार. त्यापेक्षा वर्षाची वर्गणी एकदाच घ्यावी, असे आमच्यातल्या बहुतेकांचे मत पडले.

त्यावर वहिनींनी विचारलेला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला: "भावजी, वर्षाचे पैसे घेतलेत आणि तीन महिने कथाच सुचली नाही तर?" कथाकार बराच वेळ गप्प राहिला. कथा हुकुमावर होत नाही, आणि पैसे घेतले म्हणून अर्धवट मजकूर पाठवणे ही वाचकाची फसवणूक ठरते. म्हणून मी सुचवले की पंधरवड्याचे वचन देऊच नये. वर्षाला बारा कथा कबूल कराव्यात, त्या कधी येतील ते मोकळे ठेवावे आणि जितक्या कमी पडतील तितके पैसे परत करावेत.

दिवाळी अंकांची अडचणही विसरता येत नाही. बहुतेक संपादकांना अप्रकाशित कथा हवी असते, आणि वर्गणीदारांना धाडलेली कथा, ते मोजके असले तरी, प्रकाशितच धरली जाण्याचा संभव असतो. म्हणून अंकासाठीची कथा त्याने आधीच बाजूला ठेवलेली बरी.

शेवटी कथाकाराने ठरवले की जुन्या सर्व कथा खुल्या राहतील, चालू असलेली दीर्घकथा सर्वांना शेवटपर्यंत फुकट मिळेल, आणि वर्गणी पुढच्या नव्या कथेपासून लागू होईल. मास्तरांना हेही मान्य नाही. नवी कथासुद्धा सहा महिन्यांनी खुली करावी, असा त्यांचा आग्रह आहे, आणि त्यावर कथाकाराने अजून होकार दिलेला नाही.