कारखान्यात पोरं कामावर टिकत नाहीत म्हणे. टिकतील कशी?

परवा रात्री पुन्हा बॅरल जळालं, म्हणजे मशीनच्या ज्या तापलेल्या नळीत पाईपचं प्लास्टिक वितळतं ती. या वर्षातलं तिसरं. आणि पुन्हा तेच, दोष पोराचा. डोकं इतकं फिरलंय की घरी येऊन ताटावरून उठलो, बायको विचारतेय काय झालं तर तिला काय सांगू, म्हणून इथे लिहितोय. लांब होईल, वाचायचं त्यानं वाचा.

जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे मी. कंपनीचं नाव घेत नाही. अकरा वर्षं झाली. तीन लाईन, आणि नाईटला तिन्हीवर मी एकटा.

पोरगा पारोळ्याकडचा, वीस वर्षांचा, ठेकेदाराकडून आलेला, कामावरचा सहावा दिवस. हॉलऑफमध्ये, म्हणजे तयार पाईप ओढून पुढे नेतं त्या भागात, पाईप वाकडा होऊन अडकला, मागून मटेरियल येतंच होतं, तो घाबरला आणि त्यानं लाल बटण दाबलं. कोणीपण दाबेल. त्याला वाटलं मशीन बंद झालं म्हणजे संपलं, भाऊ येतील आणि बघतील. पण आतला माल पुढे ढकलणारा स्क्रू थांबला तरी बॅरल तापलेलंच असतं ना, आणि पीव्हीसी काय गंमत आहे का, गरम बॅरलमध्ये थांबलं की आधी पिवळं पडतं, मग चॉकलेटी, मग काळं, आणि त्यातून जो ॲसिडचा धूर निघतो तो नाकात गेला की माणूस दोन मिनिटं बोलू शकत नाही. मी तिसऱ्या लाईनवर डाय, म्हणजे पाईपला आकार देणारा साचा, सेट करत होतो, वास आला तसा पळालो, तोपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. डाय खोलली, दोन्ही स्क्रू बाहेर ओढले, पितळी पट्टीनं खरवडत बसलो. सकाळचे साडेसात वाजले. बाहेर मे महिना आणि आत शेडमध्ये ते तापलेलं लोखंड, तुम्हीच विचार करा. पोरगा पूर्ण वेळ माझ्या बाजूला पट्टी घेऊन खरवडत होता, बोटं भाजली त्याची, आणि मध्येच हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, माले कोनी सांगंच नही."

खरं आहे. कोणीच सांगितलं नव्हतं. मशीन थांबवायचं तर आधी मटेरियलचा फीड बंद करायचा, आतला माल बाहेर काढायचा, बॅरल साफ करणारा पर्जिंगचा माल फिरवायचा, हीटर उतरवायचे, आणि अडचणीत लाल बटण दाबलंच तर त्याच क्षणी आरडाओरडा करून माणूस बोलवायचा. पाच वाक्यं आहेत ही भो. पाच. पण ती सांगायला कंपनीकडे एक दिवस नाही. ट्रेनिंग काय, तर "याच्यासोबत उभा राहा, बघून शिक". आणि ज्याच्यासोबत उभं करतात त्या जुन्या ऑपरेटरच्या डोक्यावर टनाचं टार्गेट, शिकवायचा त्याला एक रुपया जास्त मिळत नाही, उलट पोरगा शिकला की उद्या आपल्यालाच काढतील ही भीती. तो कशाला शिकवेल?

आमच्या शेडमध्ये भिंतीवर फाईव्ह एसचे, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीचे, जपानी शब्द लिहिलेले रंगीत बोर्ड आहेत. ते बोर्ड लावायला जो माणूस आला होता त्यानंच सांगितलं होतं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत लढाईच्या मालाचं काम वाढलं, पुढे माणसं लढाईवर पण गेली, नवीन माणसं पटापट शिकवायची होती, म्हणून १९४० पासून त्यांनी ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम चालवला, पुढे तेच टोयोटानं उचललं. त्यात शिकवायच्या चार पायऱ्या, माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवत राहा. आणि एक वाक्य, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलंच नाही. मला ते इतकं पटलं होतं की डायरीत लिहून ठेवलं. आमच्याकडे बोर्ड लागले, चारातली एक पायरीपण आली नाही.

आणि याच कंपनीनं फेब्रुवारीत मोटिव्हेशनवाला आणला होता पुण्याहून. हायवेवरच्या हॉटेलात एसी हॉल, सगळे सुपरवायझर आणि निवडक ऑपरेटर, रविवारी बोलवलं, सुट्टीच्या दिवशी, आणि त्या रविवारची हजेरी काही लागली नाही. त्या माणसानं माणसाच्या गरजांचा मास्लोचा त्रिकोण दाखवला, १९४३ च्या मांडणीवरचा, डिप्लोमाला आम्हाला होता तो. सगळ्यात खाली अन्न-पाणी-झोप, त्यावर सुरक्षितता, मग आपलेपणा, मान, आणि टोकाला स्वतःला घडवणं. तो चार तास फक्त त्या टोकावर बोलला. स्वप्नं मोठी बघा, कंपनीला आपली समजा, टाळ्या वाजवा, शेजारच्याला मिठी मारा. अरे पण खालच्या दोन पायऱ्यांचं काय? शेडमधला पाण्याचा कूलर मार्चपासून बंद आहे, पोरं घरून दोन-दोन बाटल्या आणतात आणि त्या रात्री अकरापर्यंत चहासारख्या गरम होतात. सुरक्षितता म्हणाल तर सलग नोकरीचे २४० दिवस भरायच्या आत ठेकेदार ब्रेक देतो, परत नवीन कार्ड, परत पहिल्या दिवसापासून. ज्याला माहीत आहे की सात महिन्यांनी आपल्याला घरी बसवणार, त्याला सांगताय कंपनी आपली समज? त्या एका दिवसाला जेवढे पैसे गेले त्यात कूलर पण दुरुस्त झाला असता आणि प्रत्येक नवीन पोराला आठ दिवस पगारी ट्रेनिंग पण देता आलं असतं.

भरतीचं तर विचारूच नका. लागेल तेव्हा व्हॉट्सॲपवर मेसेज, "अर्जंट दहा हेल्पर पाहिजे, आधार घेऊन या". आणि जिथं खरंच पारखून घ्यायला पाहिजे, मेंटेनन्सला, तिथं चोपड्याचा आयटीआय फिटर आला होता, मी स्वतः त्याला मशीनवर नेलं, गिअरबॉक्सचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलंय म्हणाला, आणि गेलंच होतं. एचआरवालीनं त्याला इंग्रजीत विचारलं पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस. पोरगा गप्प. रिजेक्ट. त्या जागेवर मग कोणाच्या तरी ओळखीचा आला, त्याला अजून पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते विचारावं लागतं.

पगार हातात साडेअकरा हजार, त्यात दीड हजार हजेरी भत्ता. महिन्यात एक खाडा झाला की पूर्ण दीड हजार गेले. एका दिवसाला दीड हजार! गेल्या महिन्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. खान्देशात आखाजीला काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, बहिणी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, घरात पुरणपोळी-आमरस, बाप-काकाच्या नावानं घागर भरायची असते. माझ्या शिफ्टमधल्या सात पोरांनी पंधरा दिवस आधी सुट्टीचे अर्ज दिले. शेठनी सातही फेटाळले, ऑर्डर आहे म्हणून. चार गेले, त्यांचे दीड-दीड हजार कापले. तीन आले, त्यांना ओव्हरटाईम दिला तो पण सिंगल. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून ओव्हरटाईमला दुप्पट दर लिहिलेला आहे, हे आमच्या ऑफिसात कोणाला माहीत नाही असं थोडीच आहे, सगळ्यांना माहीत आहे. त्या तिघांपैकी दोघं पुढच्याच आठवड्यात सुरतला गेले. ताप्ती लाईनची गाडी पकडली की झालं, तिथं लूमवर मावसभाऊ असतो, खोली असते, चार पैसे जास्त असतात.

आणि मग मीटिंगमध्ये ऐकायचं काय, तर आजकालच्या पोरांना काम नको, मोबाईल पाहिजे, इकडची पोरं आळशी. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हीच पोरं चाकणला जाऊन बारा-बारा तास उभी राहतात, सुरतला लूमवर रात्र काढतात, आणि सुट्टीत घरी आली की बापासोबत कापसात निंदायला जातात. तिथं आळशी नाहीत, फक्त तुमच्या गेटच्या आत आळशी होतात का?

पोरं टिकत नाहीत हा काही आजचा रोग नाही. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात १९१३ साली हीच बोंब होती, १४ हजार माणसं कामावर ठेवायला वर्षात ५० हजारावर भरती करावी लागली. त्यानं काय केलं? ५ जानेवारी १९१४ ला जाहीर केलं, पाळी नऊ तासांची आठ तास आणि रोजाचे ५ डॉलर, म्हणजे होते त्याच्या दुपटीवर. फोर्ड काही संत नव्हता, ५ डॉलर पाहिजे तर कामगार घरात कसा राहतो हे बघायला त्याची माणसं घरापर्यंत जायची, ते वाईटच. पण गळती थांबली. त्याला हिशोब कळत होता की रोज नवीन माणूस घ्यायचा, त्यानं माल खराब करायचा, मग तो सोडून जाणार, हे सगळ्यात महाग पडतं. आमच्या शेठना स्क्रॅपचा किलोचा हिशोब तोंडपाठ आहे, पण ते स्क्रॅप कशामुळे झालं तो कॉलमच त्यांच्या रजिस्टरला नाही.

आता त्या पारोळ्याच्या पोराचं. काल एचआरनं मला कागद दिला, टाईप केलेला, की सदर कामगाराच्या निष्काळजीपणामुळे मशीनचं नुकसान झालं, रक्कम पगारातून वसूल करावी, खाली सुपरवायझरची सही. नुकसान कापायचं तर आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय, त्याला कोणी विचारलं का? तो कागद त्यानं बघितलेला पण नाही. रक्कम एवढी लिहिलीय की त्याचे दोन महिने जातील, आणि त्याच्या घरी यंदा विहिरीला पाणी नाही म्हणून तो इथं आलाय.

मी सही केली नाही. कागदाच्या मागे लिहून दिलं, या कामगाराला मशीन थांबवण्याचं ट्रेनिंग कंपनीनं दिलं नव्हतं, नाईटला तीन लाईनवर एकच सुपरवायझर होता, आणि तारीख टाकून खाली माझं नाव. फोटो काढून ठेवलाय. मॅडम म्हणाल्या सर सोमवारी शेठच्या केबिनला या. जातो. आणि पोराला सांगितलंय, सोमवारी रात्री ये, लाईन चालू करायच्या आधी अर्धा तास ये, मशीन थांबवायचं कसं ते मी तुझ्या हातानं तीनदा करून घेणार आहे.