‘जनहितार्थ’ फिरणारा मेसेज आणि १०८ च्या गाडीतला कायदा

ऊसतोडीचा हंगाम लागला की आमच्या बीड-धाराशिव पट्ट्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. रात्रीच्या अंधारात बिनारिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या, आणि व्हॉट्सॲपवर अपघाताविषयीचे सल्ले. यंदाचा सल्ला मला एकाच दिवशी चार ग्रुपांवर आला, त्यातला एक भावकीचा. मी बीएएमएस झालो आणि सहा वर्षं १०८ च्या गाडीवर डॉक्टर होतो, म्हणून पुतण्यानं विचारलं, “काका, हे खरंय का?” त्याला दोन ओळी लिहायला बसलो, त्या वाढत गेल्या.

मेसेज असा आहे. शुद्धलेखन मी सुधारलं आहे, अक्कल जशीच्या तशी ठेवली आहे:

“जनहितार्थ! १) ‘गुड समॅरिटन’ कायद्यामुळे १०८ वाल्यांवर कसलीच केस होत नाही, म्हणून ते बिनधास्त असतात. २) अपघातात पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत जखमीला हात लावू नका, नाहीतर तुम्हीच अडकाल. ३) नातेवाईक म्हणतील त्याच दवाखान्यात नेणं १०८ वाल्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. ४) औषध पिलेल्या माणसासाठी १०८ बोलावू नका, घरच्यांवर गुन्हा लागतो. ५) १०८ वाले काही टाळाटाळ करत असतील तर गाडी अडवून व्हिडिओ काढा. ६) एकदा का नातेवाइकानं सही केली की १०८ वाल्यांची जबाबदारी संपते. पुढे पाठवा.”

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो सगळ्यात घातक. कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं, त्याचे नियम २०२० मध्ये आले, आणि त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली होती. पण ते कलम कुणाला संरक्षण देतं? जो स्वतःहून, भल्या हेतूनं आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मोटार अपघातातल्या जखमीला मदत करतो, त्याला. उसाच्या फडातून धावत आलेला गडी, टपरीवरचं पोरगं, मागच्या गाडीतला मास्तर, ही माणसं त्यात बसतात. मी बसत नव्हतो. मला पगार होता, गाडीत ऑक्सिजन होता, आणि कॉल आल्यावर जाणं हे माझं काम होतं. कर्तव्य म्हणून जो जातो तो या कलमाच्या अर्थानं ‘भला माणूस’ नाही.

उलट आमची बाजू मदतीला धावलेल्या माणसापेक्षा कडक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ काढून वाचा. निष्काळजीपणानं मृत्यू घडला तर पाच वर्षांपर्यंत कैद. उपचार करताना तो नोंदणीकृत डॉक्टरकडून घडला तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत वाचून आमच्यातले कित्येक जण निवांत झाले होते. मग खालचं स्पष्टीकरण वाचलं. तिथं ‘नोंदणीकृत डॉक्टर’ म्हणजे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कायद्याखाली पात्रता आणि नोंद असलेला. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीवर बहुतेक करून बीएएमएस आणि बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर असतात; त्यांची नोंद या कायद्याखाली होत नाही. म्हणजे कलम शब्दशः घेतलं तर मी त्या दोन वर्षांच्या कप्प्यात नाही, पाचच्या कप्प्यात आहे. गाडीतला तंत्रज्ञ तर नाहीच नाही. बिनधास्त म्हणे!

मग संरक्षण काहीच नाही का? आहे, आणि ते पुरेसं आहे. बेशुद्ध माणसाची संमती घेता येत नाही, त्याच्या वतीनं ती देणारं कुणी वेळेत मिळत नाही, अशा वेळी त्याच्या भल्यासाठी शुद्ध हेतूनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही. न्याय संहितेचं कलम ३० तेच सांगतं, जुन्या भारतीय दंडविधानात ते ९२ होतं. आणि २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वैद्यकीय चुकीवर फौजदारी खटला चालवायचा तर निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो, आणि तपास अधिकाऱ्यानं आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावं. रुग्ण दगावला म्हणजे गुन्हा झाला, असं नाही. साधा, शहाणा, तेवढंच शिकलेला माणूस त्या जागी जे करील ते केलं का, एवढाच प्रश्न असतो.

भरपाईचा हिशेब वेगळा. सरकारी सेवा सगळ्यांना फुकट असेल तर ग्राहक आयोगात जाता येत नाही, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. पैसे घेणारी खासगी रुग्णवाहिका मात्र तिथं खेचता येते. पण ग्राहक आयोगाचं दार बंद म्हणजे सगळी दारं बंद नव्हेत, आणि याचं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एका बाळंतिणीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. बाई गेली. नवऱ्यानं राज्य सरकारवर दिवाणी दावा लावला. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ मध्ये निकाल लागला: सरकारी दवाखान्यातल्या नोकरांच्या निष्काळजीपणाला सरकार जबाबदार. तेहतीस वर्षं लागली, हेही खरं.

दुसऱ्या मुद्द्यानं आजवर किती माणसं रस्त्यावर मेली असतील याचा विचार करू नये, झोप उडते. पोलीस आधी की उपचार आधी, हा वाद १९८९ मध्येच मिटलेला आहे. स्कूटरवरच्या एका माणसाला कारनं उडवलं. दवाखान्यानं ‘ही पोलीस केस आहे’ म्हणून त्याला वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्याकडे पाठवलं आणि तो वाटेतच गेला. त्यावरून परमानंद कटारा यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: आधी जीव, कागद नंतर, आणि हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरला लागू. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सुद्धा कसल्याही औपचारिकतेची वाट न बघता उपचार करा, असंच म्हणतं. पंचनामा हा रस्त्याचा, गाडीचा आणि रक्ताच्या डागाचा होतो. त्यासाठी माणूस तिथं पडून राहायची गरज नाही. मदत करणाऱ्यानं नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे अशी सक्तीही पोलिसांना करता येत नाही.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजवाल्याच्या कानावर कुठून तरी आली असावी. पुरावा जपणं ही आमची जबाबदारी आहेच. गळफास घेतलेल्या माणसाला खाली घेताना दोर गाठीपासून दूर कापायचा, गाठ सोडायची नाही. चाकूचा वार असेल तर शर्ट त्या भोकातून फाडायचा नाही, बाजूनं कापायचा. भाजलेली बाई गाडीत काही बोलली तर ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या भाषेत ‘सुधारायचं’ नाही. मरणाऱ्यानं मृत्यूच्या कारणाविषयी काढलेले शब्द पुराव्यात धरले जातात, आणि ते ऐकायला दंडाधिकारीच हवा असं नाही. शेजारी सासू बसलेली असते आणि बाई म्हणते, “स्टो भडकला.” सासूला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवल्यावर तीच बाई दुसरं काही सांगते. दोन्ही लिहायचं, कोण हजर होतं तेही लिहायचं. पण हे सगळं श्वास, रक्त आणि मणका सांभाळून उरलेल्या हातांनी.

चौथ्या मुद्द्याकडे आधी येतो, कारण तो मला सहन होत नाही. आपल्याकडे ‘औषध पिलं’ म्हटलं की कुठलं औषध ते सांगावं लागत नाही. फवारणीचं. आणि औषध पिलेल्याला जीपमध्ये घालून, मिठाचं पाणी पाजून, “अन्नातून विषबाधा झाली म्हणा” असं ठरवून आणणारी घरं मी पाहिली आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, आणि त्याच्यावर खटला नाही. नव्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ ठेवलेलंच नाही; सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतंच एक वेगळं कलम आहे. घरच्यांवर निव्वळ १०८ बोलावली म्हणून गुन्हा लागत नाही. कुणी छळलं असेल, प्रवृत्त केलं असेल, तर तो गुन्हा जीपमधून आणल्यानं पुसलाही जात नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो ते बरोबरच आहे, त्याचा उपचाराशी संबंध नाही. तुम्ही फक्त बाटली बरोबर आणा. नाव वाचून अर्धा तास वाचतो. आणि उलटी काढायला मीठ-पाणी पाजू नका, ते फुप्फुसात गेलेलं मी पाहिलं आहे.

तिसरा मुद्दा, नातेवाईक म्हणतील तो दवाखाना. असा कायदा नाही. शुद्धीवर असलेल्या रुग्णाची इच्छा विचारायची, ती लिहायची, शक्य असेल तर मानायची. पण जीव धोक्यात असेल तर प्रश्न एकच: त्याला जे लागणार आहे ते सगळ्यात जवळ कुठं मिळतं? साप चावलेल्याला लस असलेलं ग्रामीण रुग्णालय पहिलं. डोक्याला मार असेल तर कदाचित तालुक्याचा दवाखाना ओलांडून सरळ अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ किंवा लातूर, वरच्या बाजूला असाल तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. हे ठरवणं हीच आमची कसोटी.

इथं लोकांच्या संतापात तथ्य आहे, ते नाकारणार नाही. ‘कट’ घेऊन ठरावीक दवाखान्यात पेशंट टाकणाऱ्या खासगी गाड्या आहेत. डॉक्टरनं कमिशन घेणं २००२ च्या आचारसंहितेनं निषिद्ध आहे, पण स्टिअरिंगवरच्या माणसाला कसली आचारसंहिता? २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानं आपत्कालीन तंत्रज्ञांना नोंदणीच्या कक्षेत आणलं आहे. ती नोंदणी गावपातळीवर खरी झाली की नाव काढून टाकण्याची भीती तरी राहील.

आणि पेशंट दारात सोडून येता येत नाही. एका तालुक्याच्या गावात एका खासगी दवाखान्यानं ‘बेड नाही’ म्हणून दारच उघडलं नाही. पाऊण तास मी गाडीतच श्वास देणारा फुगा दाबत होतो. दवाखान्यातल्या जबाबदार माणसाच्या हातात रुग्ण आणि तोंडी-लेखी माहिती दिली तरच माझं काम सुटतं. तोवर तो माझा. पैशाचं कारण आता अपघातापुरतं तरी चालू नये: मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा विनारोकड उपचार मिळण्याची योजना आहे.

पाचवा: गाडी अडवा, व्हिडिओ काढा. रुग्णवाहिकेला वाट न देण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ई. हात उगारला तर महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र, आणि त्यात निमवैद्यकीय कर्मचारीही येतात. तक्रार करायचीच असेल तर कॉलची वेळ आणि कॉलचा नंबर लिहून ठेवा, त्यावरून नोंद काढता येते. उघड्या अंगाच्या बाईचा व्हिडिओ ग्रुपवर टाकून कसला पुरावा होतो? गाडीत कळलेली गोष्ट बाहेर न बोलणं आमच्यावर बंधनकारक आहे, तेवढी लाज बाकीच्यांनीही बाळगावी.

राहिला सहावा, सहीचा. मेसेजमधलं हे एकच वाक्य आमच्यातलेही बरेच जण खरं मानतात.

केजच्या पुढं एकदा मोटारसायकलवरून पडलेला गडी होता. तोंडाला दारूचा वास, डोक्याला टेंगूळ. भाऊ म्हणाला, “काय नाय झालं डॉक्टरसाहेब, पिलाय जरा. कुठं सही करायची ते सांगा.” पण सही कुणाची? प्रौढ माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे, तो त्याचा स्वतःचा, भावाचा नाही. आणि त्याचा तरी केव्हा? त्याला कळत असेल तेव्हा. दारू, डोक्याचा मार, कमी झालेली साखर, यांतलं काहीही असेल तर ‘मला नको’ हे त्याचं बोलणं नकार म्हणून धरता येत नाही. टॉर्च मारला तर डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी होती, म्हणजे मेंदूला मार असल्याची खूण. भाऊ शिव्या देत असताना आम्ही त्याला उचलला. पुढं काय झालं ते कळलं नाही. १०८ वर बहुतेक वेळा कळतच नाही.

दुसरी एक म्हातारी. वस्तीवर, रात्री अकराला. छातीत जळजळ, घाम. पूर्ण शुद्धीत. “गॅस झालाय लेकरा, सकाळी जाते दवाखान्यात. जा तू.” लेक म्हणाली, माय ऐकत नाही. नकार देणारी शहाणी होती, हक्क तिचा होता, कागदावर तिचा अंगठा घेतला. कायद्यानं सगळं नीट. पण नकार खरा होतो तो काय नाकारतोय हे माणसाला कळल्यावर. मी तिला “हे हृदयाचं असू शकतं, रात्रीत जीव जाऊ शकतो” असं म्हणालो होतो का? की “तपासून घेतलेलं बरं” एवढंच? मी कागदावर लिहायला हवं होतं: कोणता धोका सांगितला, कोणत्या शब्दांत, कोण ऐकत होतं, ती काय म्हणाली, आणि त्रास वाढला तर लगेच पुन्हा फोन करा असं बजावलं. माझ्या कागदावर दोनच शब्द आहेत: ‘समजावून सांगितले’.

पहाटे त्याच वस्तीवरून दुसरा कॉल आला. तेव्हा ड्युटी माझी नव्हती. तो कागद कधी कुणी मागितला नाही.