एक कोयता म्हणजे दोन माणसं

परवा बीडहून चुलतभावाचा फोन आला, तो ऊसतोडीचा मुकादम आहे. महिला आरक्षणावरनं विषय निघाला तर म्हणाला, ताई, ते फेमिनिझम तुम्हा शिकलेल्या शहरी बायकांचं खूळ, शेतात राबणाऱ्या बाईला त्याचं काय पडलंय? मी हंगेरीत डेब्रेत्सेनला राहते, सहा वर्षं झाली. म्हटलं थांब जरा, हे इथे शंभर वर्षांपूर्वीच बोलून झालंय, आणि बोलणारे कोण, तर मजुरांच्या बाजूचे म्हणवणारे सोशल डेमोक्रॅट!

१९०४ मध्ये रोझिका श्विमर आणि विल्मा ग्लुकलिख ह्यांनी बुडापेस्टला फेमिनिस्ट संघटना काढली. सोशल डेमोक्रॅटांचं म्हणणं, ह्या बड्या घरच्या बाया, आधी सगळ्या पुरुषांना मत मिळू दे मग तुमचं बघू. तेव्हा देशात मत होतं शंभरातल्या जेमतेम सहा जणांना. पण आमच्या इथून पंचवीसेक किलोमीटरवर बाल्माझउय्वारोश म्हणून गाव आहे, तिथल्या शेतकरी-मजूर बायकांनी त्याच सुमारास आपली संघटना उभी केली आणि जोडून घेतलं ते थेट ह्या बुडापेस्टच्या फेमिनिस्टांशी. आता बोला.

एका रविवारी मी बसने गेले होते तिकडे. सपाट जमीन, कुठे टेकाड म्हणून नाही, आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या सायकलला टोपली लावून बाजाराला चाललेल्या. बसमध्ये शेजारी बसलेल्या आजीने सांगितलं की तिची आई कापणीला मारोकसेडो म्हणून जायची. म्हणजे काय, तर पुरुष लांब दांड्याच्या विळ्याने गहू कापत पुढे जाणार आणि मागनं बाई वाकून वाकून तो गोळा करून पेंढ्या लावणार, दिवसभर. दोघं मिळून एक जोडी, करार मात्र पुरुषाशी आणि बाईचं जे काय ते त्याच्या वाट्यातनं. मला लगेच आपला ऊसतोडीतला कोयता आठवला. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम नवऱ्याच्या नावावर, बाई मोळ्या बांधून डोक्यावरनं गाडीत चढवणार आणि हिशोबात तिचं नाव कुठेच नाही.

पुढचं ऐकाल तर जास्त राग येईल. १९१८ मध्ये मत मिळालं, पण पुरुषाला २१ व्या वर्षी आणि बाईला २४ व्या, तेही लिहिता-वाचता येत असेल तरच. १९२० ला मार्गित श्लाख्ता पहिली बाई खासदार झाली, वाटलं झालं एकदाचं, तर १९२२ ला बाईचं वय थेट ३० केलं आणि शाळेच्या इयत्तांची अट वाढवली. सगळ्यात जास्त फटका कुणाला बसला असेल सांगायला नको, शाळा सोडून पेंढ्या बांधणारीलाच. आपल्याकडेही २०२३ चा आरक्षणाचा कायदा जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर, अशी अट घालूनच आला ना. हो म्हणायचं आणि अट घालायची, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच.

इथे आज सगळं छान चाललंय असं मुळीच नाही हं, आमच्या बिल्डिंगमधले एक आजोबा फेमिनिस्टा हा शब्द शिवीसारखाच वापरतात.

भावाला हे सगळं सांगितलं, तो हं हं करत होता. शेवटी विचारलं, तुझ्या वहीत यंदा किती बायकांची नावं आहेत रे? तर म्हणे ताई, रेंज जातेय, नंतर करतो.